लाल पेन्सिलीचं वळण

सोमवारच्या बैठकीत, अकराला पाच मिनिटं कमी असताना, साहेबांनी चष्मा काढला. खोलीत सात माणसं होती. त्यांतल्या पाचांना एवढंच दिसलं, की साहेबांनी चष्मा काढला. सहावे स्वतः साहेब. त्यांना तेही जाणवलं नसावं. सातव्यांना मात्र बरगडीच्या आतून कुणीतरी नखाने खरवडल्यासारखं झालं, आणि हातातला चहाचा कप त्यांनी इतक्या बेताने खाली ठेवला, की बशीलाही कळू नये.

हे सातवे म्हणजे मास्तर. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. दुसऱ्याच्या कागदावर दशांशचिन्ह जरा इकडचं तिकडे झालं, की त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढायचे, म्हणून कार्यालयाने हे नाव ठेवलं होतं, आणि ते आदराने ठेवलं आहे असं मास्तर धरून चालत. सव्वीस वर्षं ते सेपरेटर आखत होते. पाइपातून वायू येतो तो एकटा येत नाही, अंगावर थेंब घेऊन येतो. ते थेंब त्याच्यापासून सोडवायचे, वायू वरून जाऊ द्यायचा, द्रव खाली बसू द्यायचा, एवढंच त्या उभ्या पोलादी भांड्याचं काम. थेंब सुटले नाहीत तर वायूबरोबर पुढे कॉम्प्रेसरमध्ये जातात, आणि कॉम्प्रेसरला ओलं पचत नाही. लग्नाकार्यात कुणी विचारलं, तुम्ही नक्की काय करता, तर मास्तर म्हणत, “भांडणं लावतो. वायूची आणि पाण्याची.” लोक हसत, आणि पुन्हा विचारत नसत, हे मास्तरांना सोयीचंही वाटे आणि लागतही असे.

साहेबांच्या चष्म्याबद्दल त्यांची एक पक्की समजूत होती. नावडता कागद साहेब चष्म्यातून बघतात. बरा कागद चष्म्यावरून बघतात. आणि जो खरोखर आवडला, त्याच्यासाठी चष्मा काढतात, कागद पार नाकाशी नेतात आणि वास घेतल्यासारखा वाचतात. सव्वीस वर्षांत मास्तरांच्या कागदासाठी चष्मा तीनदा निघाला होता. पहिल्यांदा चौथ्या वर्षी, एका आडव्या भांड्याच्या हिशेबासाठी. दुसऱ्यांदा सतराव्या पानावरच्या एका तळटीपेसाठी; ती तळटीप मास्तरांना आजही तोंडपाठ होती. आणि तिसऱ्यांदा अकरा वर्षांपूर्वी, कारखान्याच्या जागेवर, भर उन्हात, पिंपावर कागद पसरून. या तारखा त्यांनी कुठे टिपून ठेवल्या नव्हत्या. लग्नाची तारीख काय कुणी टिपून ठेवतं? (मास्तरांना ती दरवर्षी बायकोने सांगावी लागे, पण तो विषय वेगळा.) आणि इथे ही मुलगी, कंपनीत येऊन आठ महिने झालेली, अजून जिच्या खुर्चीवरचं प्लॅस्टिकही निघालेलं नाही, तिच्या पहिल्याच मोठ्या कामासाठी साहेबांनी चष्मा काढून वर खुर्चीतून उठावं, भिंतीवरच्या पडद्याच्या इतकं जवळ जावं, की त्यांच्या टकलावर निळा, हिरवा, पिवळा असे रंग उमटावेत.

रंगच होते ते सगळे. मास्तरांनी मनात तिचं नाव रंगारीण ठेवलं होतं. संगणकात तिने एक भांडं बांधलं होतं, त्याच्या पोकळीचे चाळीस लाख चिमुकले तुकडे केले होते, आणि प्रत्येक तुकड्यात वायू कुठून येतो, कुठे जातो, किती जोरात जातो, थेंब कुठे आपटतो, कुठे निसटतो, हे यंत्राकडून मोजून घेतलं होतं. वेग जास्त तिथे लाल, कमी तिथे निळा. पडद्यावर ते भांडं उभं चिरलेल्या फळासारखं उघडं पडलं होतं, आणि त्याच्या पोटात वायू वळत होता, वर चढत होता, थेंब अडवणाऱ्या जाळीच्या गादीला टेकून पसरत होता. भांडं मास्तरांचं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्याची उंची, घेर, आतल्या पट्टीचा कोन, वरच्या जाळीची जाडी, सगळं त्यांनी हाताने काढलं होतं: एक सूत्र, एक स्थिरांक, वर थोडी जास्तीची जागा, आणि देवावर भरवसा. आत नक्की काय चालतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. पोलादातून काय दिसणार? आपल्या बायकोच्या मनातलं एखाद्या परक्या माणसाने चारचौघांत वाचून दाखवावं, आणि ते खरंही वाटावं, तसं मास्तरांना झालं. राग यायला हवा होता. आला तो राग नव्हता. त्यांना ते चित्र पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं, आणि ते दुसऱ्याच्या हातचं होतं.

“कारखान्यात या सेपरेटरच्या पुढे रोज चाळीस लिटर द्रव निसटून येतोय,” ती सांगत होती. “माझ्या सिम्युलेशनमध्ये नऊ लिटर येतो. फरक मोठा आहे. पण जाळी अकरा वर्षं जुनी आहे, काही भाग तुंबला असणार. तो धरला तर तीसपर्यंत आकडा जातो.”

“आणि उपाय?” साहेबांनी विचारलं. चष्मा अजून हातातच होता.

“आत येतानाची साधी पट्टी काढायची, तिथे पात्यांचा नवा भाग बसवायचा. जाळी बदलायची. पुढच्या आठवड्यात कारखाना चार दिवस बंद आहेच, तेव्हा होईल.”

“मास्तर, तू कान लावला होतास ना रे त्या भांड्याला?” साहेब म्हणाले.

“मागच्या महिन्यात. आतून ओलं वाजत होतं.”

खोलीत कौतुकाचं हसू पसरलं. मास्तर भांड्याला कान लावून आतलं सांगतात, ही कार्यालयातली जुनी आख्यायिका. ती मुलगीही त्यांच्याकडे वळून बघू लागली. मास्तरांनी मान खाली घातली, नाकावरचा चष्मा सारखा केला, आणि मान वर केली तेव्हा त्यांना ती गोष्ट दिसली. पडद्याच्या डाव्या कडेला, भांड्यात शिरणारा पाइप होता. सरळ. वायू त्यातून एकसारखा, शिस्तीत, गणवेशातल्या मुलांच्या रांगेसारखा आत येत होता. लाल नाही, निळा नाही. एकच गुळगुळीत हिरवा.

तो पाइप सरळ नव्हता. तिने संग्रहातलं मूळ रेखाचित्र घेतलं होतं, आणि मूळ रेखाचित्रात तो सरळच आहे. पण जागेवर पाइप आणायला गेले तेव्हा मध्ये एक खांब आला होता, आणि तेव्हा मास्तरांनी पिंपावर कागद पसरून, लाल पेन्सिलीने, खांबाला बगल देणारं एक वळण काढलं होतं. भांड्याच्या तोंडापासून पाइपाच्या दोन व्यासांवर. तिथेच चष्मा निघाला होता. साहेबांनी तो कागद नाकाशी नेला होता, “वा, सुटलो बुवा,” म्हणाले होते आणि खाली सही केली होती. जागेवर काम तसंच झालं. संग्रहातल्या रेखाचित्रावर ते वळण चढवायचं मात्र राहून गेलं, कारण लाल पेन्सिलीची ती प्रत मास्तरांनी संग्रहात दिलीच नव्हती. ती त्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात होती. अकरा वर्षं. अशा कागदाची संग्रहातला माणूस घडी घालतो आणि वर शिक्का मारतो.

बोलायला एक वाक्य पुरेसं होतं. मास्तरांनी चहा संपवला. चहा गार झाला होता, आणि त्यांना तो चांगला लागला.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे वळण सोडून सगळं. बायको निवांतपणे जेवत ऐकत होती. ती हिशेबनीस होती आणि दुसऱ्यांच्या तक्रारींतली बेरीज तिला चटकन दिसे.

“म्हणजे तुमच्या साहेबांनी चष्मा काढला.”

“हो.”

“अहो, जवळचं दिसत नसेल त्यांना चष्म्यातून. माझ्या मामांचं असंच होतं. दूरचा चष्मा असला की जवळचं बघायला काढावा लागतो.”

“मग इतर वेळी का नाही काढत?”

“इतर वेळी वाचतच नसतील,” बायको म्हणाली आणि पाणी प्यायली.

मास्तरांनी भात कालवला. असं काही बोलावं असं बायकोला नेमकं कसं सुचतं, याचा त्यांना तिच्याबद्दलही थोडा मत्सर वाटला. मत्सर ही त्यांच्या घरातली जुनी चीज होती. भांड्यावर नाव घातलेलं असावं तशी ती त्यांच्यावर घातलेली होती. त्यांचे वडील पंप दुरुस्त करत. चालू पंपाच्या अंगावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग वडिलांचा चेहरा असा होई, की घरात कुणी पाणीसुद्धा ओतत नसे. एका दुपारी वडिलांनी धाकट्याला बोलावलं. मास्तर नऊ वर्षांचे होते, धाकटा सहाचा. बोलावायचं तर मोठ्याला आधी, पण वडिलांनी धाकट्याला बोलावलं, कारण तो जवळ उभा होता, किंवा नुसताच. “काय ऐकू येतं?” धाकट्याने डोळे मिटले आणि म्हणाला, “आत कुणीतरी खडे चावतंय.” वडील इतके हसले, की त्यांच्या हातातला पाना खाली पडला. “बेअरिंग गेलंय रे, बरोब्बर बेअरिंग गेलंय.” मग मोठ्याची पाळी. त्याने मूठ कानामागे धरली, ती तेलकट आणि गरम होती. त्याला साँ साँ ऐकू आलं, आणि ते पंपातून येत नव्हतं, त्याच्याच डोक्यातून येत होतं. तो म्हणाला, “मलाही खडे.” वडिलांनी त्याच्याकडे बघितलं, हवं होतं त्यापेक्षा एक क्षण जास्त. म्हणाले, “हं.” ते ‘हं’ त्यांना अजून ऐकू येई, तेवढं ऐकण्यापुरते त्यांचे कान उत्तम होते. धाकटा आज पडद्यांचं दुकान चालवतो, बेअरिंग म्हणजे काय ते त्याला आठवतही नसेल. आणि मोठा कारखान्यात भांड्यांना कान लावत हिंडतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एकदा मास्तरांनी रात्रभर आकडे मांडून ओळखलं होतं, की अमुक भांड्यात द्रव तोंडाच्या वर चढलेला असणार. जागेवर गेल्यावर आकडे दाखवायचे सोडून त्यांनी भांड्याला कान लावला, डोळे मिटले, वडिलांसारखा चेहरा केला आणि सांगितलं. आकडे खरे निघाले, नाव कानाचं झालं. तेव्हापासून ते आधी हिशेब करत आणि मग ऐकत.

मंगळवारी साहेब त्या मुलीच्या टेबलाशी चारदा गेले. मास्तरांच्या टेबलावरून जाताना दोनदा “काय मास्तर” म्हणाले आणि उत्तराला थांबले नाहीत. ती बोलताना पेनाचं टोपण दातात धरते, हे मास्तरांच्या लक्षात आलं. यंत्र काम करत असलं की ती मोजे काढून पाय खुर्चीवर घेते, हेही. मुलाखतीत मिळाली नसती इतकी माहिती त्यांच्याकडे एका दिवसात जमली, आणि तिचा उपयोग काय ते त्यांना कळेना. दुपारी ती स्वतःच उठून त्यांच्याकडे आली.

“सर, त्या सेपरेटरचे तुमचे मूळ हिशेब बघायला मिळतील?”

“संग्रहात असतील. तुम्हाला रेखाचित्र मिळालं तसे तेही मिळतील.”

“ते बघितले. हाताने किती स्वच्छ लिहिलंय तुम्ही.” ती जराशी घुटमळली. “माझा आकडा जमत नाहीये, सर. सगळ्यांना पटलाय, मला नाही पटला. जाळी एवढी तुंबली असती तर तिच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक वाढला असता. तो वाढलेला नाही. जाळीच्या नावावर मी एकवीस लिटर खपवलेत. तुम्हाला काय वाटतं?”

“तुमच्या यंत्राला विचारा.”

“यंत्र मी सांगितलेलंच मला परत सांगतं.” ती हसली. “तुमचं बरंय. कान लावला की झालं. मला शिकवाल एकदा? मी अजून चालू भांड्याला हातसुद्धा लावलेला नाही. लाज वाटते सांगायला.”

“बघू,” मास्तर म्हणाले. ती गेल्यावर त्यांनी खालचा खण उघडला, बंद केला. तिला आकड्यातली खोट दिसली होती, हे त्यांना सर्वांत झोंबलं. आंधळी असती तर तिची कीव करता आली असती. मग ते मनातल्या मनात पुढचा आठवडा चालवून बघू लागले. म्हटलं तर तेही एक सिम्युलेशनच. कारखाना बंद होईल, भांडं कापलं जाईल, पाती बसतील, जाळी बदलेल. कारखाना सुरू होईल. वाकड्या पाइपातून वायू एका अंगाला कलून, गिरकी घेत आत येईल, त्या पात्यांना अर्धवट ओलांडेल, आणि निसटणारे चाळीस लिटर फार तर पस्तीस होतील. साहेब पडद्यासमोर उभे राहतील, चष्म्यातून बघतील. ती टोपण चावेल. आणि कॉम्प्रेसर? कॉम्प्रेसरपाशी एक ऑपरेटर असतो, त्याच्या डब्यातलं मास्तरांनी एकदा खाल्लं होतं. ते आठवल्यावर त्यांनी चालवणं थांबवलं. पण त्या चालवण्यात एक सुख होतं, खाजेला नख लागावं तसं, आणि दिवसभरात ते पाच-सहा वेळा तरी तिथे परत गेले. प्रत्येक वेळी साहेबांचा चष्मा नाकावर आणखी घट्ट बसलेला त्यांना दिसला.

बुधवारी सकाळी साहेबांनी तिचा अहवाल त्यांच्यापुढे टाकला. पहिल्या पानावर तीन चौकटी असत: केले, तपासले, मंजूर. पहिलीत तिची सही होती, गोल आणि ताजी.

“मधल्या चौकटीत तूच लागशील,” साहेब म्हणाले. “तू त्या भांड्याचा बाप. दुपारपर्यंत दे.”

आता मास्तरांची खरी पंचाईत झाली. गप्प बसणं वेगळं आणि गप्प बसून सही करणं वेगळं. सही केली आणि काम फसलं, तर मधली चौकट आधी धरली जाईल. सही नाकारली तर कारण द्यावं लागेल, आणि कारण खालच्या खणात आहे. तो कागद बाहेर काढायचा म्हणजे साहेबांच्या हातात नेमकं काय द्यायचं? चष्मा काढायला लावलेल्या तीनांपैकी तिसरं. पहिली दोन हिशेबाची होती, हुशारीची; तिसरं जिव्हारीचं होतं. त्या दिवशी पिंपावर कोपर टेकवून उन्हात काढलेल्या त्या एका रेषेत, आपण वडिलांसमोर उभे आहोत आणि आपल्याला खरोखर ऐकू आलंय, असं त्यांना वाटलं होतं. आणि ती रेषा चूक होती. चूक आहे हे त्यांना केव्हापासून माहीत होतं? तोंडाआधी दहा व्यास पाइप सरळ हवा, हे ते नव्या मुलांना स्वतः शिकवत. कधीतरी, बहुधा दुसऱ्याच वर्षी, जेवता जेवता किंवा दाढी करता करता, दहा आणि दोन हे आकडे त्यांच्या डोक्यात शेजारी आले असतील, आणि त्यांनी ते हळूच एकमेकांपासून लांब ठेवले असतील. सेपरेटर आखणाऱ्या माणसाला तेवढं जमायलाच हवं.

तासभर ते अहवालाची पानं उलटत बसले. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि मधल्या चौकटीत, सहीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं: ‘मिळालेल्या रेखाचित्रानुसार तपासले.’ ही या धंद्यातली छत्री. खोटं काही नाही. रेखाचित्र मिळालं, त्यानुसार तपासलं. ते रेखाचित्र जागेशी जुळतं का, असं कुणी विचारलं होतं? उद्या काही झालं तर तिची चौकट भिजेल, साहेबांची भिजेल, मधली कोरडी राहील. मास्तरांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी शेजारच्याला एक विनोद सांगितला. तो हसला नाही.

तीन वाजता ती आली. हातात अहवाल होता. बसायला सांगण्याची वाट न बघता तिने खुर्ची ओढली.

“सर, हे काय आहे?”

“काय?”

“‘मिळालेल्या रेखाचित्रानुसार.’”

“पद्धत असते ती.”

“तुमची नाही.” ती हळू आवाजात बोलत होती, भांडत नव्हती. “मी इथे आले तेव्हा शिकायला म्हणून तुम्ही तपासलेले सगळे जुने अहवाल वाचून काढले. एकोणचाळीस आहेत. प्रत्येकावर नुसतं ‘तपासले’ आहे. इतर लोक लिहितात, मिळालेल्या माहितीनुसार, अमुक धरून, तमुक वगळून. तुम्ही कधीच नाही. मला ते फार आवडलं होतं. मी ठरवलं होतं, आपणही असंच लिहायचं.” तिने बोट त्या बारीक अक्षरांवर ठेवलं. “चाळिसाव्याला हे शब्द आले. म्हणजे रेखाचित्रात काहीतरी आहे. असं समजायचं का मी?”

एकोणचाळीस. हा आकडा मास्तरांना स्वतःला माहीत नव्हता. सव्वीस वर्षं ते दुसऱ्याचा चष्मा मोजत बसले होते, आणि त्यांचीही कुणीतरी मोजदाद करत होतं, आठ महिने, खुर्चीवर पाय घेऊन. नाही म्हणायला अजून वेळ होता. ‘तुम्ही फार विचार करता’ असं म्हणून हसता आलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण तिच्या नखावर शाईचा डाग होता, आणि ते नख नेमकं त्यांच्या छत्रीवर टेकलेलं होतं. त्यांनी वाकून खालचा खण उघडला. कागद कडांना पिवळा पडला होता. तो तिच्यापुढे पसरताना त्यांना अंगावरचा सदरा उतरवल्यासारखं वाटलं.

ती बराच वेळ बघत राहिली. “कसलं काढलंय,” ती म्हणाली. “खांबाला नुसता स्पर्शही न करता.” मग तिचं बोट लाल रेषेवरून सरकत भांड्याच्या तोंडापाशी आलं, मागे गेलं, पुन्हा आलं. ती मोजत होती. मोजून झालं, तेव्हा तिने वर बघितलं नाही.

“दोन,” मास्तर म्हणाले. “दहा हवे होते.”

“हो.”

“माझ्यामुळे राहिलं. संग्रहात दिलं नाही मी.”

“मी हे घेऊन जाऊ?”

“घेऊन जा.” आणि ती दारापर्यंत गेल्यावर, “घडी नीट घाला,” एवढंच त्यांना सुचलं.

यंत्र दीड दिवस चाललं. शुक्रवारी सकाळी तिने त्यांना बोलावलं, साहेबांच्या आधी. पडद्यावर पाइप वाकलेला होता, आणि वळणापाशी तो शिस्तीतला हिरवा रंग फुटला होता. बाहेरच्या अंगाला लाल, आतल्या अंगाला निळा, आणि तो सगळा ऐवज गिरकी घेत भांड्यात घुसत होता. द्रव एका भिंतीवर फेकला जात होता आणि पिळलेल्या दोरासारखा वर वर चढत जाळीपर्यंत जात होता. जाळीच्या एका कोपऱ्यात इतका लाल रंग साचला होता, की बाकीची जाळी रिकामी पडलेल्या बाकांसारखी दिसत होती. निसटणारा द्रव: रोज अडतीस लिटर. मास्तर पडद्याच्या जवळ गेले. आणखी जवळ गेले. त्यांची चूक आतून अशी दिसत होती तर. अकरा वर्षं ती रोज हे करत होती, अंधारात, पोलादाच्या आत, आणि ती देखणी होती. त्यांच्या हातून इतकं देखणं काही क्वचितच झालं होतं.

“सर,” ती म्हणाली, “तुमचा चष्मा.”

तो त्यांच्या हातात होता. कधी काढला ते त्यांना कळलं नव्हतं. त्याच्याशिवाय जवळचे रंग स्पष्ट दिसत होते, एवढंच. बायकोचे मामा त्यांना आठवले, आणि त्यांनी तो विचार घाईघाईने बाजूला सारला.

साहेब आले, उभ्या उभ्याच बघू लागले. “अरेच्चा,” म्हणाले. “हा बेंड कुणाच्या डोक्यातून निघाला?”

ती कळफलकाकडे बघत राहिली. तिने सांगितलं नसतं. तेवढी ती भली होती, आणि तिचं ते भलेपण मास्तरांना सोसेना.

“माझ्या,” ते म्हणाले. “सही आहे खाली.”

साहेबांनी टेबलावरची लाल प्रत उचलली, चष्मा काढला, कागद नाकाशी नेला. मास्तरांनी मनात मोजलं. हे चौथं धरायचं का?

“इथे माझीही सही आहे की.”

“हो. जागेवरच केली होती तुम्ही. पिंपावर.”

“मला काहीच आठवत नाही रे,” साहेब म्हणाले आणि मनापासून हसले. “दोघंही गाढव होतो म्हणजे.” त्यांनी कागद खाली ठेवला, चष्मा घातला आणि तिच्याकडे वळले. “हं. आता काय करायचं ते सांग.”

खांब हलणार नव्हता, म्हणून वळणाच्या आतच वायूला सरळ करणारी पाती बसवायचं ठरलं. तिने ते आणखी दोनदा यंत्रात चालवून बघितलं, मास्तरांनी पात्यांची जाडी सुचवली, आणि नव्या अहवालाच्या मधल्या चौकटीत नुसतं ‘तपासले’ लिहिलं. शेवटच्या परिशिष्टात लाल पेन्सिलीची प्रत जोडली होती, घडी नीट, शिक्का मारलेली, त्यांचं नाव स्वच्छ वाचता येईल अशी. तीनाचे दोन झाले होते. त्या उरलेल्या दोन वेळांनाही साहेबांची आठवण साक्ष देईल याची आता खात्री नव्हती.

कारखाना सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी दोघं जागेवर गेले. रोजचा आकडा तीन लिटरवर आला होता, आणि ऑपरेटरने तिचा हात हातात घेऊन दोन्ही हातांनी दाबला. मास्तरांना नुसती मान डोलावली. ती डोक्यापेक्षा मोठं हेल्मेट घालून भांड्याभोवती फिरत होती, वर बघत, हात लावून बघत. “केवढं मोठं आहे,” ती म्हणाली. “पडद्यावर एवढंसं असतं.” मग तिने खिशातून एक स्क्रू ड्रायव्हर काढला, बहुधा मुद्दाम घेऊन आली होती. “शिकवता ना, सर? कबूल केलं होतं.”

मास्तरांनी कबूल काही केलं नव्हतं. तरी त्यांनी टोक कुठे टेकवायचं ते दाखवलं, मूठ कानामागच्या हाडाला कशी लावायची ते दाखवलं. तिने डोळे मिटले. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांची एकच इच्छा होती: तिला काही ऐकू येऊ नये. चित्र तिचं, आकडा तिचा, चष्मा तिचा, ऑपरेटरचे दोन्ही हात तिचे. एवढं एक मात्र कुणालाच येऊ नये, म्हणजे ते न येणं निदान सगळ्यांचं होईल.

“कुणीतरी कागद चुरगळतंय,” ती म्हणाली. “सावकाश. आणि खाली, पार खाली, कुणीतरी गुळण्या करतंय.” तिने डोळे उघडले, स्क्रू ड्रायव्हर पुढे केला. “बरोबर आहे का? तुम्ही सांगा.”

मूठ गरम होती. त्यांनी ती कानामागे धरली आणि डोळे मिटले. चेहरा आपोआप वडिलांचा झाला. साँ साँ. तेच, इतक्या वर्षांनीही तेच, त्यांच्या स्वतःच्याच रक्ताचं. जिभेवर शब्द आले होते: मलाही कागद. समोर ती वाट बघत उभी होती, आणि तिने ‘हं’ म्हटलं नसतं, तिला खरं वाटलं असतं, सगळ्या कार्यालयाला गेली चोवीस वर्षं वाटत होतं तसं.

“काही नाही,” मास्तर म्हणाले.

“म्हणजे?”

“मला काही ऐकू येत नाही. कधीच आलं नाही.” त्यांनी स्क्रू ड्रायव्हर तिच्या हातात परत दिला. “तू लाव पुन्हा. आणि मोठ्याने सांग.”

तिने टोक भांड्यावर टेकवलं, मूठ कानामागे धरली, डोळे मिटले. ती सांगत गेली, आणि मास्तर, जळत जळत, ऐकत राहिले.